कडूबाईचे दात

दातांच्या दवाखान्यात मला कायम पेंग येते. तो पांढरा दिवा, भांड्यात गोल फिरणारं पाणी, औषधाचा वास. डोळे आपोआप मिटतात. त्या दुपारी खुर्चीत माझा धाकटा भाऊ होता, दाढ काढायला. चाळिशीचा बाप्या, पण सुई दिसली की त्याला सोबतीला ताई लागते.

दाढ निघाली. तोंडात कापसाचा बोळा घेऊन तो बाकावर बसला. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आलाच आहात तर तुम्हीही बसा."

खुर्ची मागे कलली आणि मी तरंगायला लागले. गार आरसा एकेका दातावरून चालत होता. कुठून तरी आईचा आवाज आला, "नाक दाबलं की तोंड उघडतं!" लहानपणी ती खरंच माझं नाक दाबून मधाचा चमचा आत सारायची. मग घाम फुटायचा, भिंती हळूहळू दूर जायच्या, सगळं धूसर व्हायचं. डोळे उघडले की घरचे म्हणायचे, "झाले नखरे सुरू." गोडाला शिवत नाही म्हणून माझं नाव पडलं कडूबाई. अजून चिकटलेलंच आहे मेलं.

"एकही दात किडलेला नाही," डॉक्टरीणबाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटला. "गोड खात नाही का?"

"खाल्लं की मरायला टेकते. घरचे म्हणतात, ढोंग."

त्यांचा हात थांबला. "आणि फळं?"

"तीही नाही."

"घरात आणखी कुणाला असं होतं?"

नाही म्हणणार होते, तोच भावाची तान्ही लेक, चिमणी, डोळ्यांपुढे आली. फळांचा गर सुरू केल्यापासून ती सारखी ओकते, ग्लानीत पडून राहते. गालांवरचं बाळसं पार उतरलंय. तरी भावजय कंबर कसून भरवते. लेकराच्या अंगी लागायला नको का?

मी हे सांगितलं तशी डॉक्टरीणबाईंनी दिवाच विझवला. "काहींना जन्मतःच फळांतली साखर पचत नाही. आपली नेहमीची साखरही नाही. आई-बाप दोघांकडून हा दोष लपतछपत येतो. अशांचे दात बहुधा किडत नाहीत. खात्री तपासणीनंतरच होईल, पण बाळाला आजच मोठ्या दवाखान्यात न्या. तोवर फळ, मध, साखर, गोड औषध, काही देऊ नका. यकृतावर बेतू शकतं."

भावाने फोन लावला. बधिर तोंडातून नुसतं "अऊ, अऊ" निघालं. त्याने पाणावल्या डोळ्यांनी फोन माझ्या हातात दिला. आली का पंचाईत! भावजयीचा माझ्यावर विश्वास तो केवढा!

"अगं, चिमणीला गोड काही देऊ नकोस," मी म्हणाले.

"ताई, तुमचे नखरे तुमच्यापाशी. हिला नका शिकवू."

एरवी मी फाडकन बोलले असते. त्या दिवशी मी सगळं सांगून टाकलं. "डॉक्टर सांगताहेत गं. मलाही लहानपणापासून हेच असावं. घाम यायचा, शुद्ध हरपायची. तरी आई नाक दाबून भरवायची."

पलीकडे चमचा वाटीत पडल्याचा आवाज आला.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "घट्ट तोंड मिटून बसलीय ही. मी आत्ता तिचं नाकच दाबलंय."

"सोड," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. "सोड गं आधी. घेऊ दे तिला श्वास."