न्हाणीत पडल्याची गोष्ट

"न्हाणीत पडलो म्हणून सांगितलाव! न्हाणीत! अवो, त्या मेल्या न्हाणीत लोखंडी पाइप होता काय?"

अमिरुन्निसाचा आवाज कुवेतातल्या फहाहीलच्या त्या गल्लीतून पार समुद्रापर्यंत गेला असेल. बाहेर धुळीचं वारं सुटलेलं. दाराच्या फटीला ओलं गोणपाट लावलं होतं, तरी भाकरीच्या पिठात रेती कचकचत होती. आणि हिच्या तोंडाला खीळ कशी पडावी? नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरनं कापून टाकलेली, तिसरं वाकत नव्हतं, आणि कंपनी म्हणत होती, घरी पडलास ना, मग आमचा काय संबंध?

महबूब भिंतीला टेकून बसला होता. "अगो, हळू बोल. मेवण्याचं नाव कसं घेणार होतो मी? आपलेच दात नि आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत बोटं ऱ्हायली तर झाकाल ना!"

आता ह्यात मेवण्याचं काय, तर नूरुद्दीन म्हणजे अमिरुन्निसाचा थोरला भाऊ आणि महबूबचा मुकादम. त्याच्या टोळीतले सगळे खलाशी रत्नागिरीकडचे, गलबतावर दोर ओढून हातांना घट्टे पडलेले. इथं तेच दोर लावून ते कंपनीचे पाइप चढवायचे-उतरवायचे. महबूबला कुवेतला आणला नूरुद्दीननं, कामाला लावला त्यानं, ही खोलीही त्यानंच बघून दिली. त्या दिवशी सकाळी महबूब म्हणालासुद्धा होता, "भाय, कप्पीचा दोर पिचलाय." नूरुद्दीन म्हणाला, "आजचा दिवस काढू. साहेब डोक्यावर उभा हाय, आता कुठे नवा दोर मागू?" दुपारी दोर तुटला आणि पाइप महबूबच्या हातावर आला.

दवाखान्यात न्यायचं सोडून ह्या शहाण्यांनी हळद लावून फडकं बांधलं न् त्याला खोलीवर आणून निजवला. गलबतावर असंच करायचे ना! दुसऱ्या दिवशी हात भोपळ्यासारखा सुजला तेव्हा कुठे डॉक्टरकडे धावले. डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं? शेजारी नूरुद्दीन खाली मान घालून उभा. महबूब पडला भिडेचा माणूस. बायकोच्या माहेरच्याला चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही, हेच तो लहानपणापासून शिकलेला. बोलून गेला, न्हाणीत पडलो. नूरुद्दीननं ते ऐकलं आणि गप्प राहिला.

कंपनीच्या हापिसातला कारकून अशरफ दापोलीकडचा. त्यानं अमिरुन्निसाला आडपडदा न ठेवता सांगितलं, "वहिनी, कामावर लागलं असेल तर औषधपाणी, बसल्या दिवसांचा पगार, बोटांची भरपाई, सगळं त्याच्या हक्काचं हाय. अजून मिळेल. पण कोणी डोळ्यांनी बघणारा उभा ऱ्हायला हवा."

"आणि नाय ऱ्हायला तर?"

"तर पुढच्या आगबोटीनं गावाला धाडतील. असल्या हाताला काम कोण देणार?"

टोळीतले सगळे बघणारेच होते. पण मुकादमाच्या विरुद्ध बोलायचं म्हटल्यावर एकाला खोकला आला, दुसऱ्याला नमाजाची आठवण झाली. शेवटी ती भावाकडेच गेली.

"मी बोललो तर माझी मुकादमी गेली, अमिरून," नूरुद्दीन म्हणाला. "असमाचं लगीन ठरलंय. मुकादमाची पोर म्हणून मागणी आली तिला. तुमास काय उघड्यावर टाकीन मी? गावाला जा, दर महिन्याला काय ते धाडीन."

"भीक नको भाय. आमच्या हक्काचं हाय ते मिळू दे."

नूरुद्दीननं तोंड फिरवलं. ती घरी आली आणि रात्रभर रडली. भाऊ होता तो. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन खाडी ओलांडलेला.

शुक्रवार आला. जुम्म्याची नमाज झाली की नूरुद्दीननं बहिणीकडे जेवायचं, हा रिवाज. तिनं बोलावलं नाही, तरी तो आला. ह्या लोकांत पुरुष एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवतात. पण हात गेल्यापासून महबूब आत, वेगळा जेवायचा. बायको भरवायची त्याला. आज तिनं भात नि माशाचं कालवण एका थाळ्यात वाढलं आणि दोघांच्या मध्ये ठेवलं.

"मला आत दे," महबूब पुटपुटला.

"आज इथंच जेवायचं."

नूरुद्दीननं बिस्मिल्ला म्हणून घास उचलला. महबूबनं डावा हात पुढं केला. तो हात, ज्यानं माणूस घाण धुतो, तो भरल्या थाळ्यात! बोटं भाताला लागली मात्र, त्यानं हात मागं घेतला आणि मान छातीला लावली.

नूरुद्दीनचा घास हातातच राहिला. "अमिरून, हे काय करतेस गो?"

"मी काय केलं? थाळ्यात डावा हात घालायची पाळी कोणी आणली, ते तू सांग!"

नूरुद्दीननं घास ठेवला, उठला, हात धुतले आणि त्या धुळीत चालता झाला. महबूब बायकोवर ओरडला, "घरी आलेल्या माणसाला उपाशी उठवलंस! लाज हाय काय?" ती म्हणाली, "हाय. म्हणूनच उठवला."

शनिवारी सकाळी हापिसाच्या दारात नूरुद्दीन आधीच येऊन उभा. आत साहेबापुढं अशरफ त्याचं बोलणं इंग्रजीत सांगत होता, आणि बुरखा सावरत अमिरुन्निसा दाराआडून ऐकत होती.

"दोर पिचलेला होता. महबूबनं मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाय. न्हाणीतलं खोटं. माझ्या अब्रूसाठी बोलला तो."

"मग तू इतके दिवस गप्प का?"

"भ्यालो, साहेब."

महबूबची इजा कामावरची म्हणून लिहिली गेली. भरपाई मंजूर झाली, पुढचं औषधपाणी कंपनीकडे आलं. नूरुद्दीनची मुकादमी त्याच दिवशी गेली. सोमवारपासून तो दुसऱ्याच्या हाताखाली साधा खलाशी म्हणून दोर ओढायला लागला. ज्यांना परवापर्यंत शिव्या घालायचा, त्यांच्याच रांगेत.

संध्याकाळी तो बहिणीच्या दारात आला. तळहात सोललेले. मुकादमीत हात मऊ पडले होते ना!

"अमिरून, गावाला कळवू नको हां. आईला धसका बसेल. असमाच्या सासरी पण बोंब होईल."

"कळवीन," ती म्हणाली. आवाज तसाच खणखणीत. "मुकादमी गेली ते कळवीन, नि खरं बोललास म्हणून गेली, ते पण कळवीन. पत्र मशिदीसमोर वाचून दाखवू दे कोणीतरी. त्यावर मागणी मोडली तर मोडू दे मेली. बस आता, हाताला तेल लावते."