तिसऱ्याची हजेरी

मी एक जुनी पिकअप बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, खोकतेय. गाडीच्या जातीला जीभ नसते. हॉर्न असतो, पण तो दुसऱ्याच्या हातात. आम्हाला स्वतःहून दोनच गोष्टी करता येतात, नीट चालायचं किंवा खोकायचं. वीस वर्षं मी नीट चालले. मग गेल्या वर्षी खोकायची पाळी आली, त्याची ही हकिगत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत जायचं आणि वाटेत कोणी दारं बसवायचं, कोणी चाकं, कोणी दिवे. इंजिन बसवणाऱ्यानं मात्र बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "जा बाई, सुखानं नांद." कोणाच्या घरी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

इंजिन चार सिलिंडरचं. चौघांनी आळीपाळीनं जोर लावायचा आणि मला पुढं न्यायचं, असा करार. प्रत्येकाच्या डोक्यावर एक खोल, अरुंद विहीर. विहिरीच्या तळाशी प्लग, तो ठिणगी पाडणार. वरून त्याला वीज पुरवणारी कॉइल घुसवलेली आणि तिला रबराची टोपी, आत पाणी जाऊ नये म्हणून. ही टोपी ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं.

मला घ्यायला आले ते काचवाले. खिडक्यांच्या काचा, आरसे, कपाटांची तावदानं कापून बसवणं हा त्यांचा धंदा. दुसरी गिऱ्हाइकं टायरवर लाथ मारून बघतात. यांनी माझ्या पुढच्या काचेवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "काच बरी आहे. गाडीही बरी असेल."

त्यांनी माझ्या पाठीवर लाकडाची तिरकी चौकट बांधली. दोन काचांच्या मध्ये जुनी कांबळी घालून माल उभा करायचा आणि निघायचं. झोपलेल्या पोराच्या खोलीतून माणूस चवड्यांवर जातो, तशी मी खड्ड्यांतून जायची. बारा वर्षांत वाटेत एकही काच फुटली नाही. माझी पाठ थोपटून घेत नाही, पण खोटं कशाला बोलू?

पुढं काचवाल्यांच्या घरात सून आली. मुलाची नोकरी छापखान्यात, त्याला काचेत रस नव्हता. दुकानात बसून बसून सूनच एक दिवस म्हणाली, "बाबा, तो काच कापायचा हिरा जरा मला द्या बघू."

मी दारातच उभी होते, म्हणून तो धडा मीही ऐकला. सासऱ्यांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. "दाबू नकोस. हिरा त्याचं काम करतो, आपण फक्त वाट दाखवायची. चर्र असा एकसारखा आवाज आला पाहिजे. आवाज तुटला, की काच भलतीकडं तुटणार. डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेव."

पहिल्या दिवशी तिनं सहा काचा फोडल्या. सासरे म्हणाले, "वा! मी आठ फोडल्या होत्या."

मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. "जन्मभर काच कापली, शेवटी तिनंच डोळ्यात घर केलं," असं ते हसून सांगायचे. हसणं त्यांचंच होतं, पण ऐकणाऱ्याला हसू येत नसे. एका संध्याकाळी त्यांनी मला फाटकाच्या खांबाला घासलं. माझ्या दारावर हातभर ओरखडा उठला. त्यांनी खाली उतरून तो बोटांनी चाचपला आणि किल्ली सुनेच्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून गाडी ती चालवू लागली, काचा ती कापू लागली.

सासऱ्यांकडे उरलं एकच काम. दर शनिवारी संध्याकाळी मला आंघोळ घालायची. बादली, फडकं, लिंबाच्या वासाचा साबण आणि तोंडानं गुणगुणणं चालूच. दिसत नसल्यानं स्वच्छ झालं की नाही ते हातानंच ठरवायचे. जिथं बोट सरकलं की चुं वाजेल ते स्वच्छ, जिथं अडेल तिथं पुन्हा पाणी. मुलगा म्हणायचा, "बाबा, कशाला त्रास घेता? धुवायला टाकू की बाहेर." ते म्हणायचे, "हाताला काम नसलं की हात आधी म्हातारे होतात, माणूस मागनं."

एका शनिवारी बॉनेट उघडून त्यांनी इंजिनावर हात फिरवला. हाताला तेलकट लागलं. तेव्हापासून इंजिनही आंघोळीत आलं. अगदी मनापासून, दोन-दोन बादल्या.

आणि मी खोकू लागले.

मिस्त्री लोक याला 'मिसिंग' म्हणतात. चौघांतला एक आपली पाळी आली की गप्प बसतो. उरलेले तिघं ओढतात आणि गाडी थरथरते. तीन तिघाडा, काम बिघाडा. डॅशबोर्डवर एक दिवा असतो, असलं काही झालं की लागणारा. माझा तो कधीच गेलेला.

पहिल्यांदा लक्षात आलं ते सासऱ्यांच्याच. रविवारी ते सुनेच्या शेजारी बसले होते. डॅशबोर्डवर बोटानं ताल धरून म्हणाले, "एक, दोन, चार. एक, दोन, चार. पोरी, वर्गात एकजण गैरहजर आहे बघ."

गंमत अशी, की रविवारी मी थरथरायची, सोमवारीही थरथरायची, मंगळवारी सकाळी जरा कुरकुरायची आणि दुपारपर्यंत ठणठणीत. तिसरी विहीर इंजिनाच्या उबेनं तोवर सुकलेली असायची. मिस्त्रीचं गॅरेज नेमकं रविवार-सोमवार बंद. त्याच्याकडे पोचेपर्यंत माझं दुखणं पळालेलं. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते, त्यातलाच प्रकार.

मिस्त्रीला सगळे 'थांबा' म्हणतात, कारण बोलणाऱ्याला तो आधी हात दाखवून म्हणतो, "थांबा, ऐकू द्या." माणूस मन लावून काम करणारा. त्यानं पेट्रोलचा फिल्टर बदलला. मग चारही प्लग बदलले. तिसऱ्या प्लगवर गंजाचं एक कडं होतं, पण जुन्या गाडीत गंज म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यात पांढरा केस, कोण मनावर घेणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं तीन महिने चाललं. मला दुखणं ठाऊक होतं. सांगू कशी?

एका सोमवारी केशकर्तनालयाचे सात मोठे आरसे घेऊन निघालो. चढावर मी असा आचका दिला, की मधला आरसा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकला. सूनबाईनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी जेवताना मुलानं विषय काढलाच. मी खिडकीबाहेरच उभी असते. "आता हिला काढून टाकू, बाबा. गाडीचं वय झालं."

"वय झालं की काढून टाकतात होय?" सासरे म्हणाले.

"मी गाडीचं बोलतोय."

"मीही गाडीचंच बोलतोय," असं म्हणून ते हात धुवायला उठले.

गिऱ्हाईक रविवारी सकाळी येणार असं ठरलं. शनिवारी सासऱ्यांनी मला धुतलं. धुता धुता पुटपुटले, "जाणाऱ्याला मळकं पाठवू नये." मी गेले तर शनिवारची बादलीही जाणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. इंजिनाला त्या दिवशी तीन बादल्या मिळाल्या.

रविवारी गिऱ्हाइकानं किल्ली फिरवली आणि मी हुडहुडी भरल्यासारखी थरथरू लागले. तो खाली उतरला, हात झटकले. "वहिनी, हिचं काही खरं नाही." गेलासुद्धा. सूनबाईनं कमरेला हात लावून माझ्याकडे बघितलं आणि सरळ मिस्त्रीला फोन लावला. "सुट्टी असू दे नाहीतर काही असू दे. दुखणं आत्ता अंगात आहे. आत्ता या."

थांबा मिस्त्री पिशवी घेऊन अंगणात आला. सासरे स्टूल ओढून माझ्या पुढं बसले. त्यानं इंजिन चालू ठेवलं आणि एकेका कॉइलची पिन काढून बघू लागला. पहिल्याची काढली, मी गचका खाल्ला. "हा काम करतोय." लावली. दुसऱ्याची काढली, पुन्हा गचका. चौथ्याची, तसंच. मग तिसऱ्याची काढली. मी जशी थरथरत होते तशीच थरथरत राहिले.

"हा बघा," मिस्त्री म्हणाला. "काढला काय, ठेवला काय, कोणाला फरक पडत नाही. म्हणजे हाच."

सासरे म्हणाले, "बरी खूण आहे. घरातही अशीच ओळखायची."

सूनबाईनं हातातली बॅटरी पेटवून इंजिनावर धरली.

मिस्त्रीनं इंजिन बंद करून तिसरी कॉइल वर ओढली. तिच्या टोकावरून पाणी ठिबकलं. रबराच्या टोपीला आतल्या बाजूनं बारीक तडा होता. बॅटरीच्या उजेडात विहिरीच्या तळाशी पाणी चकाकलं, वर थोडा फेस. ठिणगी बिचारी पाण्यातून वाट काढून भलतीकडेच पळत होती. मिस्त्रीनं बोट बुडवून वास घेतला. लिंबू. त्याची नजर भिंतीशी पालथ्या घातलेल्या बादलीवर गेली, मग शेजारच्या साबणाच्या डब्यावर.

"थांबा," तो म्हणाला. या वेळी स्वतःलाच.

तो सूनबाईला माझ्या मागच्या फळीपाशी घेऊन गेला आणि कुजबुजला, "वहिनी, गाडीत दोष नाही. पाणी जातंय वरून. काका इंजिन धुतात ना, त्याचं. माझ्याही नजरेतून सुटलं हो."

तिनं वळून स्टुलाकडे बघितलं. "बाबांना सांगू नका. रबर खराब झालं होतं, एवढंच सांगा. हे एकच काम उरलंय त्यांना."

दोघं हळू बोलत होते. पण ज्यानं जन्मभर काचेचा आवाज ऐकला, त्याच्यापुढं कुजबुज ती काय! सासरे स्टुलावरून उठले. माझ्या अंगावरून हात फिरवत, त्यांनीच पाडलेल्या ओरखड्यापाशी क्षणभर थांबून, घरात गेले. हे फक्त मी पाहिलं.

मिस्त्रीनं काठीला फडकं गुंडाळून विहीर सुकवली. पिशवीतलं नवं रबर बसवलं. किल्ली फिरवली आणि चौघं एका सुरात बोलू लागले. खात्रीसाठी त्यानं तिसऱ्याची पिन पुन्हा काढली. मी दणकन गचका खाल्ला. "पडला फरक!" तो ओरडला. सूनबाई वळली, "बाबा, झाली बघा गाडी!" स्टूल रिकामं होतं.

विकायचं कारण उरलं नाही. मुलानंही मान्य केलं. मी वाचले.

पण पुढच्या शनिवारी पाण्याचा आवाज आला नाही. सासरे बाहेर आले, पालथ्या बादलीवर बसले आणि अंधारायच्या आत घरात गेले. सूनबाईनं विचारलं, तर म्हणाले, "कंबर धरलीय." दुसऱ्या शनिवारीही कंबर. तिसऱ्या शनिवारी ते बाहेरच आले नाहीत. माझ्या काचांवर धूळ बसली, दारांवर चिखल वाळला. इंजिन झकास चालत होतं आणि मला लाज वाटत होती. माझ्या खोकल्यानं त्यांचं काम घालवलं होतं. शप्पथ सांगते, त्यापेक्षा तीन सिलिंडरवर चालणं परवडलं असतं.

चौथ्या शनिवारी सूनबाई दुकानातून आली ती कापायच्या टेबलावरचं जुनं रबरी अंथरूण काखेत मारून. आत गेली आणि सासऱ्यांना मनगटाला धरून बाहेर घेऊन आली.

"बाबा, कंबर नाही दुखत तुमची."

"नाही दुखत," ते म्हणाले. "डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. पाणी माझंच होतं ना? आरसा माझ्यामुळं तडकला. तीन महिने तू रस्त्यात हाल काढलेस. आणि मी आपला बोटांनी चुं वाजवून खूश."

तिनं बॉनेट उघडलं, मला चालू केलं आणि त्यांचा हात माझ्या मडगार्डवर ठेवला. "लक्ष द्या हं." तिनं तिसऱ्याची पिन काढली. मी गचका खाल्ला, असा की त्यांचा हात उडाला.

"फरक पडला की नाही?"

"पडला," सासरे म्हणाले.

"मग? चार आठवडे मी मळक्या काचेतून रस्ता बघतेय. लोक म्हणतात, काचवाल्यांची गाडी आणि काच बघा. घरात शनिवारी कोणी गुणगुणत नाही. मला पडतो फरक, बाबा." तिचा आवाज जरा तुटला. त्यांनी तो ऐकला.

मग तिनं इंजिन बंद केलं, रबरी अंथरूण त्यावर पसरलं आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवून कडेकडेनं फिरवला. "ही हद्द. याच्या आत पाणी नाही. बाहेर सगळं तुमचं."

"दाबू नकोस," सासरे म्हणाले. "कळलं मला."

आता मला बाविसावं वर्ष चालू आहे. पत्रा जागोजागी कुरतडलाय, मागची फळी दोरीनं बांधलीय. कधीतरी मला खरोखरच काढून टाकतील, त्याचं वाईट वाटत नाही. रविवारी सासरे शेजारी बसतात, डॅशबोर्डवर बोट वाजवतात आणि हजेरी घेतात. "एक. दोन. तिसरा?" सूनबाई गिअर टाकता टाकता म्हणते, "हजर."

जाता जाता एकच मागणं. तुमच्याही घरी असा कोणी तिसरा असेल. त्याच्या हातून काही बिघडलं, तर विहीर झाका. बादली काढून घेऊ नका.

चला, नळ सुरू झालाय. आज शनिवार आहे.