चार बोटे डिझेल

"काका, हॉलची लाइन जोडा. पाहुणे येऊन बसलेत," रुग्णालयाचे मोठे साहेब नाकाला रुमाल लावूनच जनरेटरच्या खोलीत शिरले.

काकांनी टाकीतून पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. चार बोटे डिझेल. शहरात तेलाचा ठणठणाट झाल्यापासून दिवसाची वीज बंद होती आणि टँकरने परवापासून तोंड दाखवले नव्हते. शेजारच्या खोलीत चार जण डायलिसिसच्या यंत्रांना जोडलेले होते. त्यांचे अजून दीड तास बाकी होते. ही चार बोटे तेवढ्यालाच जेमतेम पुरणार होती, तीही त्या खोलीची एकटी लाइन ठेवली तर.

"हॉलला सोलर आहे ना साहेब? त्याचंच तर उद्घाटन आज."

"त्याच्यावर पंखासुद्धा धड फिरत नाहीये."

"फिरेल कसा? रस्त्यावरून दिसावीत म्हणून पॅनेलं सूर्याकडे पाठ करून बसवलीत. महिनाभर कानीकपाळी ओरडतोय मी."

साहेबांना ते ठाऊक होते. फाटकातून शिरणाऱ्याला आधी पॅनेले दिसली पाहिजेत, हा हुकूम त्यांचाच. काकांचे डोके तडकले. अठ्ठावीस वर्षे या धुरात काढलेल्या माणसाला धूर संपावा असे इतरांपेक्षा जरा जास्तच वाटते. पॅनेले आली तेव्हा ती गच्चीवर चढवायला काका स्वतः धावले होते. आणि या शहाण्यांची अपेक्षा काय, तर सूर्याने रस्त्याच्या बाजूला येऊन उगवावे!

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," साहेबांनी आवाज खाली आणला. "बटण दाबलं की दिवे लागले पाहिजेत, बस."

"म्हणजे जळायचं डिझेलनं आणि टाळ्या उन्हाला? आणि आतल्या चौघांनी काय करायचं?"

"करू काहीतरी. टँकर येईलच."

"तुम्ही गेले तीन दिवस हेच सांगताय."

"फार बोलायला लागलात. स्विचच्या कपाटाची चावी द्या इकडे. उद्यापासून कामावर यायची गरज नाही."

काकांनी खिशावर हात ठेवला.

"चावी देतो. आधी त्या चौघांचं रक्त धुऊन होऊ द्या."

साहेबांनी पुढे केलेला हात तसाच राहिला. पलीकडे हॉलमध्ये कुणीतरी माइकवाचून ओरडून पाहुण्यांचे स्वागत करत होते. काकांनी कोपऱ्यातले स्टूल ओढले आणि साहेबांपुढे सरकवले.

"बसा साहेब. वेळ लागेल."