तीन महिन्यांचा सॅन्टन

वटार गावच्या सॅन्टनने पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा केस काळे केले, तेही नोकरीसाठी. त्याची बायको ॲंजेला दारात उभी राहून हसून हसून बेजार झाली. "अरे देवा, नवरदेव निघाले!" हसू दे बापडी. नोकरी परत मिळणार असेल तर तो भुवयासुद्धा रंगवायला तयार होता.

वसई पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे, तिथे तो बफिंगला होता. म्हणजे पातेलं गरगर फिरणाऱ्या चाकाला लावायचं आणि त्यात तोंड दिसेपर्यंत चकाकवायचं. ऐकायला सोपं हो! जोर जास्त झाला की पत्रा करपतो, कमी पडला की ढगासारखे डाग राहतात. सॅन्टनची उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. गेल्या वर्षी शेठने 'मंदी आहे' म्हणत पर्मनंट माणसांना शाल-नारळ देऊन घरी बसवलं आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं आणली. तेव्हापासून सॅन्टन वाडीत केळींना पाणी घालत होता. त्यात वाईट काही नव्हतं. पण कारखान्यात सगळे त्याला 'मिस्त्री' म्हणायचे, आणि केळी काही तसं म्हणत नाहीत.

अशात मॅनेजर सुमेधचा फोन आला. वयाने लहान, बोलायला साखर. अनुदान मिळावं म्हणून कारखान्याने सरकारला कळवलं होतं की यंदा आम्ही ढीगभर नवे कामगार लावले. ते बघायला सरकारी मॅडम येणार होत्या, आणि ठेकेदाराची निम्मी माणसं गावाला पळालेली.

"काका, एक दिवस उभे राहा. विचारलं तर सांगायचं, नवीन आहे, तीन महिने झाले. मॅडम खूश झाल्या की तुमच्या पर्मनंटचं मी शेठशी बोलतो. शब्द माझा."

सुमेधचा शब्द! पण बुडत्याला काडीचा आधार.

कारखान्यात जाऊन बघतो तर सगळी जुनीच मंडळी, आणि सगळ्यांचे केस काळेकुळकुळीत! एकमेकांकडे बघून कुणाला हसू आवरेना. सुमेधने दम भरला, "जरा अडखळत करा हां, नवे आहात तुम्ही."

मॅडम नेमक्या सॅन्टनपाशी थांबल्या. त्याने पातेलं चाकाला लावलं आणि सांगितल्याप्रमाणे काठाशी मुद्दाम एक ढग ठेवला. ठेवला खरा, पण त्याला तो बघवेना. शेंबडं पोर पाहुण्यांपुढे आणल्यासारखी लाज वाटली. हात आपसूक वळला, ढग गेला आणि पातेलं लखलखलं. मॅडमनी त्यात बघून आपली टिकली सरळ केली.

"किती दिवस झाले कामाला?"

सुमेध मॅडमच्या पाठीमागून डोळे वटारून बघत होता.

"तीन महिने," सॅन्टन म्हणाला.

"त्याआधी काय करत होता?"

"केळी."

मॅडम थक्कच झाल्या. "कमाल आहे! आणि मी समजत होते, याला वर्षानुवर्षांचा कसबी माणूस लागतो." मग सुमेधकडे वळून म्हणाल्या, "हे तर शिकाऊंचं काम आहे. घ्या की तरुण मुलं. भत्ता शासन देईल."

'बाई, अर्धं आयुष्य घातलंय मी यात!' सॅन्टनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंड उघडलं असतं तर नोकरी गेलीच असती. त्याने ते गिळलं आणि नव्या कामगाराने हसावं तसा कसनुसा हसला.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडताच सुमेध धावत आला. "काका, जिंकलंत! वीस शिकाऊ मिळणार आपल्याला. पैसे सरकारचे, काम आपलं!"

"आणि माझं पर्मनंटचं?"

सुमेधचा चेहरा खरोखर पडला. "आता कोणत्या तोंडाने सांगू शेठना? तीन महिन्यांत कुणालाही जमतं हे तुम्हीच तर दाखवलंत. शिकाऊ म्हणून घ्यावं, तर तुमचं वय आडवं येतं." वर त्याने चहा पाजला, वडापावही मागवला. काम वाईट करा, एवढंच सांगितलं होतं, तेवढंसुद्धा आपल्याला जमलं नाही, या विचाराने सॅन्टनला भरून आलं.

घरी ॲंजेला वाट बघत होती. "लागली का रे नोकरी?"

"लागली," चपला काढत सॅन्टन म्हणाला. "वीस जणांना."