मागच्या तळावरचा स्वयंपाक

“शंभर माणसांच्या भाजीला मीठ किती घालतेस गं?” आईनं सहज विचारलं आणि लेकीची पंचाईत झाली.

“अंदाजानं.”

“अंदाजानं! माझ्या हाताखाली असतीस तर पळीनं अंदाज शिकवला असता.”

लेक हसली. खोटं बोलण्यात तिच्याइतकी कच्ची बाई शोधून सापडली नसती. आघाडीवर तोफेत गोळे भरणारी ही पोर घरी सांगत होती, की आपण मागच्या तळावर स्वयंपाक करतो. धाकटा भाऊ वर्षापूर्वी ह्याच युद्धात गेला, तेव्हा आईनं अंथरूण धरलं होतं. आता कुठे ती गॅसपाशी उभी राहत होती. दुसरं पोरही तोफेपाशी आहे हे कळलं तर ती काही पुन्हा उठायची नाही, अशी लेकीची खात्रीच होती.

“आणि ती तुझी मास्तरीण? अजून कांदे जाडच चिरते?”

मास्तरीण म्हणजे तोफेचा नेम धरणारी तिची जोडीदारीण. ती मागच्या आठवड्यात तोफेशेजारीच मारली गेली. म्हणून तर ही रजा मिळाली होती, आणि परत गेल्यावर मास्तरणीच्या जागी हिलाच बसायचं होतं.

“जाडच. सुधारत नाही,” लेक म्हणाली. मेलेल्या मैत्रिणीला जिवंत ठेवायचं आणि वर नावंही ठेवायची, ह्याची तिला शरम वाटली. रडायचीसुद्धा चोरी.

दुसऱ्या दिवशी आई तिला लष्कराच्या ट्रकपर्यंत पोचवायला निघाली. लेक वाटभर ओरडून पथ्यं सांगत होती. गोळ्या चुकवू नकोस, जड उचलू नकोस.

आईनं मध्येच काही विचारलं, तरी तिचं आपलं चालूच. आई थांबली. इतका वेळ लेकीच्या डावीकडे होती, ती वळसा घालून उजवीकडे आली.

“दोन दिवस घर डोक्यावर घेतलंस. तुझे बाबा तोफखान्यातून आले ना, ते असेच बोलायचे. मला हाक मारली की गल्ली गोळा व्हायची.”

“अगं, तिथे भांड्यांचा आवाज फार...”

“असेल.” आईनं तिच्या खांद्यावरची पिशवी सारखी केली. “भांडी वाजतील तेव्हा तोंड उघडं ठेवत जा. मिटलं की कान फाटतात. बाबांना हे फार उशिरा कळलं.”

लेक ट्रकमध्ये चढली.

ट्रक सुटताना आई आणखी काहीतरी म्हणाली. लेकीला ते ऐकू आलं नाही. तिनं मान डोलावली, आणि आईनं ते खरं मानून घेतलं.