काटकोन शंभराचा

आमच्या घरात कुणी पोक काढून बसलं की बाबा ओरडायचे, "शंभरात बस!" भिंत सरळ उभी असली की ती 'शंभरातली'. मला वाटायचं, शंभर नंबरी म्हणतात तसंच काहीतरी असेल. विचारायचं कधी सुचलंच नाही.

बाबा म्हणजे तय्यब, निवृत्त मोजणीदार. ट्युनिशियातल्या आमच्या स्फाक्स शहराभोवतीच्या ऑलिव्हच्या बागा मोजण्यात त्यांचा जन्म गेला. आधी लॉगचं जाडजूड पुस्तक काखोटीला मारून हिंडायचे, मग राजधानीतून, ट्युनिसहून, एक कॅल्क्युलेटर आणला. एका ओळीचा पडदा, वर उजेडावर चालणारी काळी पट्टी, सरकवायचं कडक झाकण; साइन, कोसाइन, वर्गमूळ, कंस, सगळं बटणावर. तरी गृहस्थ संशयी! पहिलं वर्षभर त्याचं प्रत्येक उत्तर पुस्तकात ताडून बघत. आईला यंत्र दाखवून म्हणायचे, "सून हुशार दिसते, पण अजून नवीन आहे."

आता बटणांवरची अक्षरं पुसली होती आणि बाबाही विसरायला लागले होते. माझी लेक दोर्रा जूनमध्ये बॅकला, शाळा संपतानाच्या मोठ्या परीक्षेला, बसणार. तिचा नवा कॅल्क्युलेटर अपूर्णांक वहीतल्यासारखे मांडून दाखवायचा, समीकरणंही सोडवायचा. पण जिन्यावरून पडला आणि गेला. तिने आजोबांचा मागून घेतला.

त्या रविवारी माझा धाकटा भाऊ नौफल ट्युनिसहून आला तो ठरवूनच. बाबांनी कॉफीत मीठ घातलं, बाजारातून येताना गल्ली चुकले, हे मीच मूर्खासारखं त्याला फोनवर सांगितलं होतं.

"ताई, मी बाबांना घेऊन जातो. तिकडे डॉक्टर चांगले आहेत."

"तुझ्या चौथ्या मजल्यावर? तिथे ते कुणाशी बोलणार, लिफ्टशी?"

"आणि इथे हरवले तर?"

झाडांशिवाय बाबा वाळून जातील एवढंच मला कळत होतं.

माशाचा कुसकुस वाढला. शेजारीच दोर्रा गणितं सोडवत होती. नौफलने सहज विचारल्यासारखं केलं, "बाबा, काटकोन केवढा असतो हो?"

"शंभर," बाबा म्हणाले.

नौफलने माझ्याकडे पाहिलं. मी हरीसाची तिखट चटणी आणायच्या निमित्ताने उठले आणि स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबावा तसा ओटापुसणीचा बोळा कोंबून रडले. ज्या माणसाने आयुष्यभर कोन मोजले, त्याला काटकोन आठवू नये!

बाहेर दोर्रा कुरकुरत होती. "आजोबा, तुमचं यंत्र बिघडलंय. साइन नव्वद म्हणजे एक यायला हवा, हा शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव काहीतरी सांगतोय."

"दोघं एकाच वयाचे," नौफल पुटपुटला.

दारातून दिसलं, बाबा माशाचा काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "नव्वद कशाला घालतेस? शंभर घाल की."

तिने घातले. मग किंचाळलीच. "आई! एक आला! बरोब्बर एक!" मी धावत आले. पडद्याच्या वरच्या कडेला मुंगीएवढा इंग्रजी 'जी' होता. "मामा, हा अंशांवर नाहीच आहे. हे ग्रेड नावाचं दुसरंच माप लावलंय."

"दुसरं कसलं? आमचं," बाबा म्हणाले. "फ्रेंचांच्या मोजणीच्या दुर्बिणीवर आम्ही शिकलो. पूर्ण वर्तुळ चारशेचं, काटकोन शंभराचा. तुमचं नव्वद शाळेतलं. शेतात त्याला कोण विचारतं?"

नौफलने कॅल्क्युलेटर ओढून घेतला, स्वतः शंभर घातले, पुन्हा घातले. मग हळूच म्हणाला, "पण मग कॉफीत मीठ, बाबा?"

"ते विसरलो. मीठ विसरतो रे मी. काटकोन नाही विसरत."

"बाबा इथेच राहतील," मी म्हणाले. "गल्ली चुकले तर अख्खी गल्ली त्यांना ओळखते."

नौफलने बाबांच्या ताटात आणखी मासा वाढला. संध्याकाळी ऑलिव्हच्या तेलाची बाटली घेऊन एकटाच परतला.

परीक्षेच्या सकाळी बाबा दारात उभे राहिले. दोर्राच्या हातातून कॅल्क्युलेटर घेतला, मोडचं बटण न बघताच दाबलं आणि 'जी'चा 'डी', म्हणजे अंश, केला.

"परीक्षेपुरतं नव्वद," ते म्हणाले. "घरी आलीस की परत शंभर कर."

दुपारी ती आली. मी दारातच विचारलं, "पेपर कसा गेला गं?"

"थांब जरा," म्हणाली, आणि पायातले बूटही न काढता आधी ते बटण दाबलं.