सोयरातलं कीर्तन

नात जन्मून नववा दिवस, आणि सरोजिनीबाईंचं कीर्तन नेमकं त्याच संध्याकाळी. सिंगापुरात, पासिर रिसच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये चौरंगावर विठोबा बसला होता, शिरीषने पेटी मांडली होती, खुर्च्या भरत आल्या होत्या. तेवढ्यात तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाने, चंद्रशेखरने, बाईंना दाराशी गाठलं. काकूंना नातीच्या जन्माचं सोयर आहे, दहा दिवस व्हायच्या आत त्यांनी देवापुढे उभं राहणं बरं नव्हे, पुढच्या महिन्यात ठेवू, असं तो अगदी मऊ आवाजात म्हणाला.

नामाला विटाळ नसतो, हे बाई चाळीस वर्षं कीर्तनातून सांगत आल्या होत्या. आजचं आख्यान तर त्यांच्या आजीचं, जयाचं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती कोकणातल्या चार गावांची सुईण होती. शहरातून शिकून आलेली. विळ्याने नाळ कापू देईना, कात्री उकळायला लावी, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीची खिडकी स्वतः उघडत असे. गावातल्या विठोबाच्या पुजाऱ्याची तिन्ही पोरं तिच्याच हातावर जन्मली. पण रोज कुठे ना कुठे बाळंतपण, म्हणजे रोजचाच विटाळ, म्हणून त्याच पुजाऱ्याने तिला देवळाची पायरी चढू दिली नाही. विठोबाला लांबूनच हात जोडत म्हातारी गेली.

बाईंची कानशिलं तापली. "तुझा मुलगा झाला तेव्हा नर्सबाईंना पेढे दिलेस ना रे? त्यांतली एक आज दारात आली, तर बाहेर बसवशील?"

"काकू, नियम मी केलेले नाहीत."

"पाळायला मात्र तूच पुढे."

एवढं बोलून त्या सरळ आत गेल्या आणि कीर्तनाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. चंद्रशेखरचा चेहरा लालबुंद झाला. त्याने मूर्ती शालीत गुंडाळली, उचलली आणि शेजारच्या खोलीकडे निघाला. खुर्चीवरून उठून त्याच्यामागे हॉलमधला एकही जण गेला नाही.

आजीला बाहेर ठेवलं, आता देवालाच उचलून नेताहेत! बाईंनी चिपळ्या घेतल्या आणि शिरीषला सूर धरायची खूण केली.

"चंद्रशेखर," त्या म्हणाल्या, "तिकडचं दार लावू नकोस. जयाची गोष्ट विठोबाने ऐकायची राहिलीय."